तयार साच्यातली वेबसाइट : डिझायनरचा हात कुठे अडतो?

लग्नपत्रिकेच्या दुकानात तयार कार्डांचे अल्बम ठेवलेले असतात. गिऱ्हाईक एक कार्ड पसंत करते, छापखानेवाला त्यावर नाव, तारीख आणि ठिकाण छापून देतो. काम लवकर होते, पैसेही कमी लागतात. पण कार्डावर नावांसाठी चार ओळींची जागा असेल आणि घरातील वडीलधाऱ्यांची यादी दहा ओळींची असेल, तर कार्ड वाढत नाही, नावेच गाळावी लागतात. वेबसाइट बनविण्याच्या तयार साच्यांचेही असेच आहे.

नाशिक आणि मालेगावात डीटीपी, कार्ड व फ्लेक्सची कामे करणारे अनेक तरुण आता वेबसाइटची कामेही घेऊ लागले आहेत. त्यांतील बहुतेकांचा हात प्रथम अशा तयार साच्याकडेच जातो. विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय ही त्यातील माहितीची नावे. दरमहा किंवा दरसाल भाडे भरायचे, साचा निवडायचा, चौकटीत मजकूर व फोटो भरायचे. कोड लिहिण्याची गरज नाही. रंग बदलतो, अक्षर बदलते. पण मूळ बांधणी साचा बनविणाऱ्याने ठरविलेली असते.

साचा वाईट नाही हे आम्ही आधीच सांगतो. द्वारकेवरील एखाद्या गॅरेजवाल्याला नाव, पत्ता, फोन, कामाच्या वेळा आणि चार फोटो एवढेच हवे असेल, तर त्याच्यासाठी सर्व काही नव्याने बांधणे म्हणजे पैशाची नासाडी आहे. प्रश्न येतो तो माल, भाषा किंवा धंद्याची रीत वेगळी असते तेव्हा.

माल साच्यात बसत नाही

ऑनलाइन दुकानाचे बहुतेक साचे किरकोळ विक्री डोळ्यांपुढे ठेवून बनविलेले असतात. एक वस्तू, एक ठरलेली किंमत, रंग आणि साइज निवडा, पैसे भरा. आता नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवहार पाहा. भांडे वजनावर विकले जाते आणि धातूचा भाव बदलत राहतो. साच्यात किंमतीची चौकट एकच. मग दुकानदाराने रोज शंभर वस्तूंची किंमत हाताने बदलावी काय? मालेगावचा कापडवाला ठोक विकतो. त्याच्याकडे किमान इतके ठाण घ्यावे लागतील अशी अट असते, आणि भाव पार्टी पाहून, उधारीची मुदत पाहून ठरतो. त्याला ‘खरेदी करा’ असे बटण नको, ‘भाव विचारा’ असे हवे. काही ठिकाणी यासाठी जोडसामान मिळते, पण त्याचे भाडे वेगळे. काही ठिकाणी ते मिळतच नाही.

फोटोचेही तसेच. साच्यातील चौकट चौरस किंवा आडवी असते. येवल्याच्या पैठणीचा सगळा जीव पदरात आणि काठात. चौकटीत फोटो टाकला की कडा आपोआप कापल्या जातात आणि नेमके काठच जातात. डिझायनरला चूक दिसते, पण चौकट त्याच्या हातात नसते.

लिपीची अडचण

आमच्या मते सर्वांत मोठी अडचण लिपीची आहे. हे साचे बहुतेक इंग्रजी अक्षरांच्या मापाने कापलेले असतात. इंग्रजीत मथळ्याची अक्षरे सुटी सुटी ठेवली तर देखणी दिसतात. तीच सूट मराठीला लागू झाली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. दोन ओळींमधील अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर चढतात. साच्यातील फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर फोन किंवा संगणक आपल्याजवळचा फॉन्ट लावतो. मग तीच वेबसाइट दोन फोनवर दोन तऱ्हेची दिसते.

उर्दूची गोष्ट आणखी अवघड. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, म्हणून नुसता मजकूर फिरवून भागत नाही. मेनू, बाण, फोटोची जागा हे सर्व पान उलटे मांडावे लागते. नस्तालीक अक्षर तिरके उतरते, त्याला ओळीची उंची जास्त लागते. ती न मिळाल्यास अक्षराचे डोके किंवा नुक्ते कापले जातात. उर्दू ओळीत फोन नंबर मोकळी जागा सोडून लिहिला तर आकड्यांचे गट मागेपुढे होण्याची भीती असते. नंबरच चुकला तर गिऱ्हाईक येणार कोठून?

येथे डीटीपीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रीलिपी किंवा इनपेजच्या जुन्या फाइलींतील मजकूर उचलून थेट वेबसाइटवर टाकता येत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि नंतर एकदा नजरेखालून घालावा, कारण बदलताना जोडाक्षरे बिघडतात.

गाळा कोणाचा?

तिसरी बाब मालकीची. भाड्याच्या गाळ्यात आपण फर्निचर केले, तरी गाळा आपला होत नाही. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर नेता येत नाही, असे ती कंपनी स्वतःच सांगते. मजकूर आणि फोटो नेता येतील, बांधणी मात्र नव्याने करावी लागेल.

गाळ्याच्या मालकाने शटर ओढल्याची उदाहरणेही आहेत. जिओसिटीज ही मोफत पाने देणारी सेवा १९९४ साली सुरू झाली, १९९९ मध्ये याहूने ती घेतली आणि २००९ साली बंद केली. दुकानदारांना गूगलवरील आपल्या नोंदीबरोबर एक मोफत छोटी वेबसाइट मिळत असे. ती सोय २०१७ मध्ये आली आणि मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी दुकानाच्या पाट्यांवर व कार्डांवर तोच पत्ता छापला होता, त्यांचे छपाईचे पैसे वाया गेले.

याउलट अडोबीच्या म्यूज या सॉफ्टवेअरकडे पाहा. कोड न लिहिणाऱ्या डिझायनरांसाठीच ते होते. २०१८ मध्ये कंपनीने ते पुढे न वाढविण्याचे जाहीर केले आणि २०२० मध्ये त्याची मदत थांबविली. पण म्यूजमधून साधी एचटीएमएल पाने बाहेर काढून कोठल्याही सर्व्हरवर ठेवता येत होती. म्हणून तशी ठेवलेली पाने कंपनीने हात काढल्यावरही चालू राहू शकली. दुरुस्ती कठीण झाली, पण दुकान बंद पडले नाही. फरक एवढाच, की तयार माल डिझायनरच्या हातात होता.

मग काय करावे?

पहिले म्हणजे, साचा निवडण्याआधी गिऱ्हाइकाकडून मालाची यादी, भाव ठरविण्याची रीत आणि भाषा विचारून घ्यावी. साच्यात नमुन्याची इंग्रजी ओळ पाहून भुलू नये. मराठी व उर्दूचा खरा मजकूर टाकून स्वस्त फोनवर पाहावे.

दुसरे, डोमेन म्हणजे वेबसाइटचे नाव गिऱ्हाइकाच्याच नावाने घ्यावे. फोटो व मजकुराची मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी. नाव आपले असेल तर गाळा बदलला तरी पाटी तीच राहते.

तिसरे, एचटीएमएल आणि सीएसएस शिकून घ्यावे. शिरोरेषेचा किंवा ओळीच्या उंचीचा दोष सीएसएसच्या दोन-चार ओळींत दूर होतो. अट एवढीच, की त्या लिहिण्याची मुभा देणारा साचा हवा. २००३ पासून चालत आलेले वर्डप्रेस मोफत आहे आणि आपल्या पसंतीच्या सर्व्हरवर ठेवता येते. त्यातही थीम म्हणजे साचाच. पण तो उघडून बदलता येतो. मात्र बदल मूळ थीममध्ये न करता चाइल्ड थीममध्ये करावेत, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये सर्व मेहनत पुसली जाईल.

शेवटचे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. तयार साचा वापरला असेल तर तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. दाम मापाच्या शिलाईचा आणि माल रेडीमेड, हा सौदा फार दिवस चालत नाही. काय बदलता येईल, काय येणार नाही, दरसाल भाडे किती आणि ते कोण भरणार, या चार गोष्टी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. साइट अडली तर गिऱ्हाईक परदेशातील कंपनीला शोधत जात नाही, ते आपल्याच दुकानाची पायरी चढते. त्या वेळी हा कागदच डिझायनरची बाजू सांभाळेल.