निखारा, धूर आणि ताम्हिणीची हवा

पौडजवळच्या आमच्या परसात वीस वर्षांपासून जाळीची एक शेगडी आहे. पाऊस उघडला की रविवारी तिच्यावर कोंबडी चढते. पाहुण्यांना वाटतं, चव मसाल्याची. मसाला आहेच, पण खरी करामत पाणी निघून जाण्याची.

मांस वरून ओलं असेतो त्या पृष्ठभागाचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपुढे फारसं सरकत नाही. मुळशी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, म्हणून इथे तो सुमारे ९८ अंश सेल्सिअस. पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या आसपास गेला की अमिनो आम्लं आणि शर्करा यांची अभिक्रिया वेग घेते, शेकडो गंधद्रव्यं जन्मतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. म्हणून तुकडे आधी फडक्यानं टिपून घ्यावेत. ताम्हिणी घाट उतरून रायगडात गेलं की थंडीत पोपटी मिळते. भांबुर्ड्याच्या पाल्यानं गच्च केलेलं मडकं, आत वाफच वाफ. चव अप्रतिम, पण खरपूसपणा नाही, कारण हेच.

धुराची गोष्ट वेगळी. लाकडातलं लिग्निन तापून फुटतं, तेव्हा ग्वायकॉल, सिरिंगॉल ही संयुगं निघतात. धुरकट वास मुख्यतः त्यांचाच. कोळशातलं लिग्निन भट्टीतच संपतं, त्यामुळे पेटलेल्या कोळशाला तो वास जवळपास नसतोच. निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीच्या धुराला मात्र स्वतःचा वास असतो, आणि त्यात कर्करोगकारक संयुगंही असतात. ज्वाळा उठली की तुकडे बाजूला!

बोकडाच्या मांडीला घाई चालत नाही. तिच्यातलं कोलॅजन ७० अंशांपुढे, मंद आचेवर, तासन्‌तास राहिलं तरच जिलेटिन होऊन विरघळतं. तोवर पाहुण्यांनी चकणा संपवलेला असतो.