सहावी-आठवीचा वर्ग की दहावीचा?

महाराष्ट्रात पदवी आणि बी.एड. झालेल्या उमेदवाराला शिक्षक म्हणून दोन वाटा खुल्या असतात : सहावी ते आठवीचा उच्च प्राथमिक स्तर, नाहीतर नववी-दहावीचा माध्यमिक स्तर. पहिली ते पाचवीचे दार बी.एड.धारकांना बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये तसा निर्णय दिला. त्या वर्गांसाठी डी.एड. म्हणजे आताचे डी.एल.एड. लागते.

पहिला फरक पात्रतेचा. सहावी ते आठवीला शिकवायचे तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ही अट निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही लागू केली. नववी-दहावीसाठी टीईटी लागत नाही. तिथे पदवीचा विषय आणि बी.एड.ची अध्यापन पद्धती पाहिली जाते.

दुसरा फरक विषयांचा. शिक्षण हक्क कायदा उच्च प्राथमिक स्तरावर विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा असे शिक्षकांचे तीन गट मानतो. म्हणून विज्ञानाचा पदवीधर गणितही घेतो, आणि लहान शाळेत वेळ पडली तर भूगोलाचा तासही त्याच्याच वाट्याला येतो. माध्यमिक शाळेत, निदान मोठ्या शाळेत, एकच विषय चार तुकड्यांना शिकवता येतो. विषयावर जीव असलेल्याला हे मोठे सुख आहे. त्याची किंमत मात्र बोर्डाच्या परीक्षेच्या रूपाने मोजावी लागते. जादा तास, सराव परीक्षा, अंतर्गत गुणांच्या नोंदी, उत्तरपत्रिकांची तपासणी यांत वर्ष सरते. परीक्षेच्या आत अभ्यासक्रम संपवणे हीच तिथली शिस्त असते.

खरा फरक दिसतो तो मुलांच्या वहीत. सहावीत ऋण संख्या येतात. फळ्यावर −3 − 4 लिहिले की काही मुले हमखास उत्तर देतात : अधिक 7. ‘वजा वजा अधिक’ हे गुणाकाराचे सूत्र कानावर पडलेले असते आणि ते सरसकट वापरले जाते. अशा वेळी शिक्षकाला संख्यारेषा काढून, उधारीचा हिशेब मांडून, शून्याच्या डावीकडे तीन पावले आणि मग आणखी चार पावले अशी मुलाला चालवून दाखवण्याइतकी सवड काढता येते. तीच चूक सहावीत सुटली नाही तर दहावीच्या वर्गसमीकरणात पुन्हा डोके वर काढते. मुलाला रीत पाठ असते, पण चिन्ह चुकते आणि उत्तर जाते. दहावीच्या शिक्षकाला दुखणे लगेच ओळखू येते. ते मुळापासून बरे करायला त्याच्या हाती दिवस नसतात.

अकरा ते चौदा हे वयही निराळे. मूल एका तासाला शिक्षकाच्या टेबलाला चिकटून उभे असते आणि पुढच्या तासाला कुणाशीच बोलत नाही. उंची वाढते, आवाज फुटतो, मैत्रिणींची भांडणे रडण्यापर्यंत जातात. ज्याला हे सगळे कटकटीचे वाटते त्याने या वर्गांकडे वळू नये. पंधरा-सोळा वर्षांची मुले वाद घालतात, शंका काढतात, शिक्षकाच्या ज्ञानाची परीक्षा पाहतात. तिथे तयारी कच्ची असली की वर्ग हातातून जातो.

उच्च प्राथमिक वर्ग म्हणजे हायस्कूल मिळेपर्यंतचा थांबा, अशी समजूत अनेक उमेदवारांत आढळते. ती चुकीची आहे आणि मुलांना महागात पडते. दहावीचा निकाल वर्तमानपत्रात येतो, पण त्याचा पाया सहावी-सातवीतच घातला जातो, आणि तिथे कसलेला शिक्षक अधिक गरजेचा आहे.

निवड करण्याआधी स्वतःला अजमावण्याची सोय अभ्यासक्रमातच आहे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता असते, आणि ती उच्च प्राथमिक व माध्यमिक अशा दोन्ही स्तरांवर करायची असते. पाठांची संख्या भरण्यापुरती ती उरकू नये. दोन्हीकडच्या वह्या स्वतः तपासून पाहाव्यात.