दोनदा वाजलेला दीड

सकाळी ९:१५
हिंजवडीत पोचून लॅपटॉप उघडला, तर सगळ्यात वर तातडीचं तिकीट. रविवारी पहाटे ड्यूटीवर असलेल्या नर्सेसच्या हिशेबात एकेक तास कमी लागलाय. आमचा क्लायंट शिकागोचा. तो अमेरिकेतल्या इस्पितळांना हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर पुरवतो आणि ते लिहिण्याचं काम आमच्या टीमकडे आहे. तिकीट त्यांच्या सोमवारी दुपारी पडलं तेव्हा आम्ही झोपेत होतो. आता त्यांची ऑफिसं बंद झाली आहेत.

सकाळी १०:००
कारण सापडायला वेळ लागला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात. रात्री अकरा ते सकाळी सात ही पाळी घड्याळात आठ तासांची दिसते, पण नर्स नऊ तास राबलेली असते. आठवड्यात तिच्या पाच पाळ्या झाल्या असतील, तर तो एकेचाळिसावा तास. 1938च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे चाळीस तासांपुढच्या कामाला दीडपट दर आहे.

आमचा प्रोग्रॅम जाण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा करतो. तसंच लिहून आलं होतं. शिकागोत घड्याळ मागे जाणं लहान मुलालाही माहीत असतं, म्हणून ते लिहावं असं तिथे कुणाला वाटलं नाही. पुण्यात ते कुणी अनुभवलेलं नाही, म्हणून विचारावं असं इथे कुणाला सुचलं नाही. दोन्हीकडची माणसं हुशार आणि कष्टाळू आहेत. माझ्या मते परदेशातून सॉफ्टवेअर करून घेण्यातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे. भाषेची किंवा कौशल्याची अडचण त्यामानाने लवकर सुटते.

सकाळी ११:३०
टीममधल्या सगळ्यात नव्या टेस्टरने विचारलं, “त्या रात्री दीडला कुणी पंच केलं असेल तर? दीड दोनदा वाजलाय.”

सगळे गप्प झाले. आम्ही फक्त स्थानिक वेळ साठवतो, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा फरक साठवत नाही. त्यामुळे पहिला दीड की दुसरा, हे नोंदीवरून कळूच शकत नाही. असे किती पंच आहेत तेही मोजता येईना, कारण करारानुसार खरा डेटा भारतात येत नाही. आमच्याकडे नावं आणि आकडे बदललेली जुनी प्रत असते. क्वेरी लिहून पाठवली. ती त्यांच्या सकाळी चालेल, म्हणजे आमची संध्याकाळ उलटल्यावर.

दुपारी २:३०
मॅनेजरशी बैठक. हा बग की चेंज रिक्वेस्ट? काम ठरलेल्या किमतीचं आहे. बग म्हटला तर खर्च आपला, चेंज रिक्वेस्ट म्हटली तर बिल त्यांना. कागदावर आमची बाजू भक्कम आहे. तरीही मी म्हटलं, आधी दुरुस्त करू, नाव मागाहून ठरवू. पगाराची तारीख जवळ आली आहे आणि तो तास कुणीतरी रात्रभर रुग्णांजवळ उभं राहून कमावलेला आहे. मॅनेजरने मान्य केलं, पण तासांची वेगळी नोंद ठेवायला सांगितली. तेही बरोबरच आहे.

संध्याकाळी ५:३०
दुरुस्ती तयार, रिव्ह्यू झाला. दोनदा वाजलेला दीड मात्र अजून तसाच.

रात्री ८:३०
क्लायंटबरोबरचा कॉल घरून. मागच्या आठवड्यापर्यंत तो साडेसातला असायचा. त्यांच्याकडे तेव्हाही नऊ आणि आजही नऊच वाजलेत.

दुपारीच मेल करून मी एक आग्रह धरला होता: इस्पितळात पगाराचं काम प्रत्यक्ष करणाऱ्या कुणाला तरी कॉलवर आणा. क्लायंट हे सहसा टाळतो. आपल्या गिऱ्हाइकाने थेट ऑफशोर टीमशी बोललेलं त्याला आवडत नाही. आज आणलं. पगार विभागातल्या त्या बाईंनी सांगितलं, की घड्याळ बदलायच्या रात्री प्रत्येक वॉर्डची मुख्य नर्स हाताने यादी ठेवते, कोण कधी आलं आणि कधी गेलं याची. वर्षानुवर्षं. आमच्या कुठल्याही दस्तऐवजात या यादीचा उल्लेख नाही. क्वेरीचा निकालही आला, असे पंच मोजकेच निघाले. ते यादीवरून हाताने भरायचं ठरलं. वीस मिनिटांत प्रश्न मिटला.

फोन ठेवण्याआधी महिन्यातून एकदा त्या बाईंशी थेट बोलण्याची परवानगी मागितली. क्लायंट म्हणाला, विचार करू. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारणार आहे.

रात्री ९:४५
ठरलेलं सगळं कारणांसकट लिहून तिकिटाला जोडलं. यूटीसीचा फरक साठवायचं काम वेगळं काढलं. आणखी एक नवं तिकीट उघडलं, मार्चमधल्या दुसऱ्या रविवारचं. त्या पहाटे दोनऐवजी थेट तीन वाजतात आणि आठ तासांची पाळी सातातच संपते.