स्पेक्ट्रम कोणत्या कंपनीला मिळणार, हे ठरतं कसं?

एकाच भागात दोन कंपन्यांनी एकच फ्रिक्वेन्सी वापरली, तर सिग्नलचा गोंधळ होतो. म्हणून स्पेक्ट्रम सरकार वाटून देतं. पण कसं?

भारतात २००८ मध्ये 'आधी येईल त्याला आधी' या पद्धतीने परवाने दिले गेले. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने असे १२२ परवाने रद्द केले. त्यानंतर लिलावावर भर आला. २०२२ च्या ५जी लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या.

जपानने मात्र २०१९ मध्ये लिलाव न करता, नेटवर्क कुठवर पसरवणार याचे आराखडे तपासून चार कंपन्यांना ५जी स्पेक्ट्रम दिला.

मला लिलाव जास्त पारदर्शक वाटतो. पण नुसता पैसा मोजून गावात रेंज येत नाही. त्यासाठी अटीही कडक हव्यात. तुम्हाला काय वाटतं?