हिवाळी टायर (वेगवान मोटारगाड्यांचे)

बर्फ, हिमकर्दम आणि थंडीने गारठलेला रस्ता यांवर मोटारगाडीस पुरेशी पकड मिळावी म्हणून खास मिश्रणाचे रबर व खास नक्षी वापरून बनविलेला टायर. यूरोप, उत्तर अमेरिका व जपान येथील शीत प्रदेशांत गाडीला वर्षातून दोनदा टायर बदलण्याची पद्धत रूढ आहे. सर्वसाधारण कुटुंबी गाडीच्या बाबतीत ही निवड सोपी असते. याउलट अधिक शक्तीचे एंजिन, मोठे गतिरोधक (ब्रेक) आणि रुंद, कमी उंचीचे टायर असलेल्या वेगवान गाडीच्या बाबतीत टायरबरोबरच चाकाच्या आकारमानाचाही विचार करावा लागतो.

रबराचे वर्तन : उन्हाळी टायरच्या रबराची घडण उष्ण व कोरड्या रस्त्यावर जास्तीत जास्त पकड मिळावी अशी केलेली असते. तापमान उतरू लागले की रबराच्या दीर्घ रेणूंची हालचाल मंदावते आणि ते हळूहळू कठीण होत जाते. पुरेशा खालच्या तापमानास ते काचेसारखे ठिसूळ होते [⟶ रबर]. रबराचा मऊपणा कमी झाला म्हणजे रस्त्यावरील सूक्ष्म उंचसखल भागांत ते शिरू शकत नाही व पकड घटते. हिवाळी टायरच्या मिश्रणात ही ठिसूळ अवस्था बऱ्याच खालच्या तापमानास येईल अशी बहुवारिके आणि मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरतात. त्यामुळे थंडीतही रबर लवचिक राहते. टायर बदलण्यासाठी ७° से. ही मर्यादा सांगण्याचा प्रघात आहे. हा केवळ स्थूल आडाखा असून सर्व टायरांचे गुणधर्म त्याच तापमानास एकाएकी बदलतात असे नाही. मात्र शर्यतीच्या धर्तीवर बनविलेले अतिवेगवान उन्हाळी टायर कडक थंडीत (सु. –७° से. व त्याखाली) नुसते घसरतातच असे नव्हे, तर गाडी हलविताच त्यांच्या रबरास तडे जाण्याचा संभव असतो. अशा टायरांसह गाडी बाहेर उभीही करू नये, असा इशारा काही उत्पादक देतात.

नक्षी : हिवाळी टायरच्या पृष्ठावरील ठोकळ्यांमध्ये रुंद खोबणी असतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर अनेक बारीक चिरा पाडलेल्या असतात. अशा चिरांचे एकस्व (पेटंट) जॉन साइप यांनी १९२३ मध्ये अमेरिकेत घेतले आणि इंग्रजीत त्यांना त्यांच्याच नावाने ओळखतात. चाक फिरताना चिरा उघडतात व त्यांच्या असंख्य कडा बर्फात रुततात. खोबणीत बर्फ दाबून भरला जातो, हे पाहणाऱ्यास दोषास्पद वाटते. वस्तुतः बर्फाची बर्फावर पकड रबराच्या बर्फावरील पकडीपेक्षा चांगली असल्याने तो तेथे काही अंशी राहणे उपयुक्तच असते. गोठलेल्या, काचेसारख्या बर्फावर प्रश्न निराळा असतो. ०° से.च्या आसपास अशा बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो व तोच वंगणाचे काम करतो. म्हणून –२० से.चा बर्फ शून्याजवळच्या बर्फापेक्षा कमी निसरडा असतो. हा थर शोषून घेणारे सूक्ष्मछिद्री रबर वापरलेला ‘ब्लिझॅक’ टायर ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ मध्ये जपानमध्ये विक्रीस आणला.

इतिहास व प्रकार : हिवाळी टायरचा आरंभ फिनलंडमध्ये झाला. तेथील सुओमेन गुमितेहदास या कंपनीने (आताची नोकियन टायर्स) १९३४ मध्ये मालमोटारींसाठी आणि १९३६ मध्ये प्रवासी मोटारींसाठी असा टायर काढला. दुसऱ्याचे नाव ‘हाकापेलिता’ असे असून ते सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात गाजलेल्या फिनिश घोडदळावरून घेतलेले आहे. पुढे टायरमध्ये धातूच्या टाचा बसविण्याची पद्धत आली. टाचांमुळे गोठलेल्या बर्फावर उत्तम पकड मिळते. पण उघड्या रस्त्याचा पृष्ठभाग त्या खरवडून काढतात. जपानमध्ये त्यामुळे उडणाऱ्या धुळीचा उपद्रव इतका वाढला की, १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. जर्मनीत टाचांच्या टायरांना १९७५ पासून सामान्यतः बंदी आहे. स्वीडन, नॉर्वे व फिनलंड येथे हिवाळ्यात त्यांना परवानगी आहे.

टाचाविरहित हिवाळी टायरांचे दोन वर्ग पडतात. नॉर्डिक वर्गाचे टायर अत्यंत मऊ असून बर्फावर ते श्रेष्ठ ठरतात; तथापि कोरड्या रस्त्यावर त्यांचे ठोकळे वाकतात आणि सुकाणूला गाडी सावकाश प्रतिसाद देते. मध्य यूरोपीय किंवा आल्पीय वर्गाचे टायर ओल्या, थंड पण बहुधा बर्फरहित द्रुतगती मार्गांसाठी असतात. मिशेलिनचे ‘पायलट आल्पिन’ आणि पिरेलीचे ‘सोत्तोझेरो’ हे टायर या वर्गातील होत. टायरवरील अक्षर त्याची कमाल वेगमर्यादा दर्शविते : क्यू – ताशी १६० किमी., टी – १९०, एच – २१०, व्ही – २४० आणि डब्ल्यू – २७० किमी. नॉर्डिक टायर बहुधा क्यू, आर वा टी आणि आल्पीय टायर एच, व्ही वा डब्ल्यू श्रेणीचे असतात. ज्या गाडीचा कमाल वेग टायरच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, तिच्यात जर्मनीमध्ये त्या मर्यादेची चिठ्ठी चालकाच्या दृष्टीसमोर लावावी लागते. म्युनिक किंवा स्टटगार्टच्या परिसरात राहणाऱ्यास दुसरा वर्ग आणि उत्तर स्वीडन वा क्वीबेकमध्ये राहणाऱ्यास पहिला वर्ग योग्य, असे सामान्यतः म्हणता येईल. गाडी वेगवान आहे एवढ्याच कारणाने क्वीबेकमध्ये आल्पीय टायर घेणे शहाणपणाचे नव्हे.

पकडीतील थोड्याशा फरकाचे महत्त्व हिशेबाने स्पष्ट होते. ताशी ५० किमी. वेगाने जाणारी गाडी घर्षणांक ०·८ असलेल्या कोरड्या रस्त्यावर सु. १२ मी. अंतरात थांबते. दाबलेल्या बर्फावर एका टायरचा घर्षणांक ०·३ व दुसऱ्याचा ०·२ मानल्यास ही अंतरे अनुक्रमे सु. ३३ मी. व ४९ मी. येतात. पहिली गाडी जेथे थांबते तेथे दुसरीचा वेग अजून ताशी सु. २९ किमी. असतो, पादचाऱ्याच्या दृष्टीने हा फरक प्राणांतिक ठरू शकतो. एंजिनाच्या अश्वशक्तीचा येथे काही उपयोग नाही. चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा गाडी सुरू करण्यास व चढ चढण्यास साहाय्य करते. थांबविताना मात्र चारही चाकांना गतिरोधक प्रत्येक गाडीत असतातच, त्यामुळे तिचा फायदा होत नाही. अशा गाडीस हिवाळी टायर नकोत, हा समज म्हणूनच घातक आहे.

चाकाचे आकारमान : वेगवान गाडीस उन्हाळ्यात मोठ्या व्यासाचे कडे (रिम) आणि आखूड बाजूभिंतीचा टायर देतात. हिवाळ्यासाठी सामान्यतः एक इंच लहान कडे व तेवढीच उंच बाजूभिंत घेतात. टायरचा बाह्य व्यास मात्र कायम ठेवावा लागतो, अन्यथा वेगमापक चुकीचा वेग दाखवितो. सातव्या पिढीच्या फोक्सवागेन गोल्फ जीटीआय गाडीचे उदाहरण घेता येईल. २२५/४० आर १८ या आकारात टायरची रुंदी २२५ मिमी., बाजूभिंत रुंदीच्या ४०% म्हणजे ९० मिमी. आणि कड्याचा व्यास १८ इंच (४५७·२ मिमी.) असतो, बाह्य व्यास ६३७ मिमी. भरतो. २२५/४५ आर १७ चा व्यास ६३४ मिमी. म्हणजे जवळजवळ तेवढाच असून बाजूभिंत १०१ मिमी. आहे. २०५/५५ आर १६ चा व्यासही ६३२ मिमी. येतो. गणिताने तिन्ही आकार चालतात. परंतु या गाडीच्या अधिक शक्तीच्या आवृत्तीस पुढे ३४० मिमी. व्यासाच्या गतिरोधक तबकड्या असून त्यांवरील पकड-सांगाडा (कॅलिपर) १६ इंची कड्यात सामान्यतः मावत नाही. साध्या आवृत्तीची तबकडी ३१२ मिमी. आहे. म्हणजे गतिरोधकाच्या आकारावरून चाकाची किमान मर्यादा ठरते, आणि एकाच नावाच्या दोन गाड्यांतही ती भिन्न असू शकते.

लहान कड्याचे फायदे अनेक आहेत. बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यांचे आघात उंच बाजूभिंत झेलते व कडे वाकत नाही. टायर स्वस्त पडतो. बर्फाची साखळी चढविण्यास चाकाभोवती जागा राहते. अरुंद टायर सैल बर्फ व पाणी कापून खालच्या कठीण थरापर्यंत सहज पोहोचतो, तर रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. तथापि अरुंद टायर सर्वच बाबतींत सरस, हे खरे नाही. हवेचा दाब तोच असल्यास संपर्कक्षेत्र जवळजवळ तेवढेच राहते, फक्त त्याचा आकार लांबट होतो. शिवाय कोरड्या रस्त्यावर व वळणावर रुंद टायरचे वर्चस्व टिकून राहते. तेव्हा गाडीच्या कागदपत्रांत मान्य असलेल्या आकारांपैकी सर्वांत अरुंद आकार निवडणे इष्ट, त्यापलीकडे जाऊ नये.

व्यास जुळला तरी इतर मापे पाहावी लागतात. छिद्रवर्तुळ (उपर्युक्त गोल्फमध्ये ११२ मिमी. वर्तुळावर पाच छिद्रे), मधल्या भोकाचा व्यास (५७·१ मिमी.) आणि कड्याची बसकी जागा मध्यरेषेपासून किती बाहेर वा आत आहे ते अंतर ही ती मापे होत. भोक मोठे असल्यास तुंब्यावर (हबवर) कडे बसवून चाक मध्यावर आणता येते. भारनिर्देशांकही कमी असू नये : ९१ म्हणजे प्रत्येक टायरला ६१५ किग्रॅ., ९४ म्हणजे ६७० किग्रॅ.

ज्या गाड्यांत मागील टायर पुढीलपेक्षा रुंद असतात (उदा., २००७ मध्ये निघालेली बीएमडब्ल्यू एम३, १८ इंची चाकांवर पुढे २४५/४०, मागे २६५/४०), त्यांना हिवाळ्यात चारही टायर एकाच मापाचे बसविण्याकडे काहींचा कल असतो. त्यामुळे टायरांची अदलाबदल करता येते. परंतु येथे पुढील टायरचा व्यास ६५३ मिमी. व मागील ६६९ मिमी. असल्याने स्थैर्य-नियंत्रक यंत्रणेची गणना बिघडणार नाही, हे उत्पादकाकडून पडताळून घ्यावे. चारही चाके चालविणाऱ्या गाडीत तर पुढील व मागील परिघांचे प्रमाण बदलल्यास मधली जोडयंत्रणा तापून निकामी होऊ शकते. एकच झिजलेला टायर बदलणेही तेथे धोक्याचे असते. केवळ शक्तिचलित दोन चाकांना हिवाळी टायर लावण्याची काटकसर कोणत्याही गाडीत करू नये. पुढील चाकांस पकड व मागील चाकांस ती नाही, अशी स्थिती आली की, गतिरोधक दाबताच गाडी स्वतःभोवती फिरते.

नियम व निगा : डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण दर्शविणारे चिन्ह १९९९ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील उत्पादकांनी रूढ केले. ते बर्फावरील प्रत्यक्ष चाचणीनंतरच देतात. ‘एम + एस’ ही जुनी अक्षरे उत्पादक स्वतःच उमटवितो, म्हणून त्यांवर भिस्त ठेवता येत नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून ती एकटी ग्राह्य नाहीत. क्वीबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे असून २०१९ पासून हा काळ १ डिसेंबर ते १५ मार्च असा आहे. ऑस्ट्रियात त्यांची किमान खोली ४ मिमी. व स्वीडनमध्ये ३ मिमी. लागते. तापमान सु. ५·५ से.ने उतरले की टायरमधील दाब सु. ०·०७ बार कमी होतो, त्यामुळे थंडीत तो वारंवार तपासावा लागतो. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चकाकीदार मिश्रधातूची चाके गंजतात. हिवाळ्यासाठी साधी, जाड रंगलेपाची चाके वेगळी ठेवणे परवडते. उन्हाळ्यात हिवाळी टायर वापरल्यास मऊ रबर झपाट्याने झिजते व गतिरोधन-अंतर वाढते.

महाराष्ट्रात या टायरांचे प्रयोजन नाही. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा पहाटे ७° से.च्या खाली जातो खरा, पण दुपारपर्यंत रस्ते चांगलेच तापतात. भारतात काश्मीर, लडाख आणि हिमाचल प्रदेशातील उंच घाटांत हिमवृष्टीच्या काळात मुख्यतः चाकांना साखळ्या बांधून वाहतूक चालते.