पाटाचे पाणी आणि पीयूषिकेचा तगादा (लेखांक पाचवा)

गेल्या लेखांकात आपण अवटुग्रंथीच्या रचनेचा विचार केला. व्यवहारात तिला सर्वजण ‘थायरॉईड’ म्हणतात, आणि ‘मला थायरॉईड आहे’ असे सांगताना ती ग्रंथी इतरांच्या गळ्यात जणू नसतेच अशा थाटात बिचारीलाच रोगाचे नाव देऊन मोकळे होतात. आज तिच्या विकाराकडे वळावयाचे म्हणून कागद पुढे ओढतो न ओढतो तोच कोऱ्हाळे बुद्रुकहून आमच्या थोरल्या वहिनींचा फोन आला.

“भावजी, रिपोर्ट आला. टीएसएच अकरा पॉइंट चार. थायरॉईड लई वाढलाय म्हणत्यात. मग गोळी बंद करू का? वाढलाय म्हटल्यावर त्यात आणखी गोळी कशाला घालायची?”

प्रश्न तर्काला धरून होता, आणि म्हणूनच घातक होता. ज्यांना या विकाराचे नाव ठाऊक आहे, औषध ठाऊक आहे, दरसालच्या तपासण्यांचे कागद ज्यांनी पिशवीत जपून ठेवले आहेत, असे कितीतरी सुबुद्ध रुग्ण याच एका ठिकाणी फसतात, याचे कारण तपासणीच्या कागदावर जो आकडा छापलेला असतो तो त्या ग्रंथीचा नसतोच. तो असतो मेंदूच्या तळाशी बसलेल्या पीयूषिका ग्रंथीचा. कोऱ्हाळ्याच्या शिवाराला नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, तेव्हा वहिनींना मी पाटबंधारे खात्याच्याच भाषेत विचारले, “वहिनी, कार्यालयात पाण्याचे अर्ज वाढले म्हणजे पाणी वाढलं असं समजायचं का?”

क्षणभर शांतता. मग उत्तर आले, “पाणी न्हाई म्हणून तर अर्ज.”

टीएसएच म्हणजे हे अर्ज. रानात ओल असेतो कोणी कार्यालयाची पायरी चढत नाही. चारी कोरडी पडून उसाची पाने गुंडाळू लागली की अर्जामागून अर्ज आणि त्यामागून तगादा सुरू होतो. अवटुग्रंथीतून थायरॉक्सिन हे तिचे संप्रेरक पुरेसे उतरत नाही असे दिसताच पीयूषिका तिच्याकडे असाच तगादा लावते, आणि पुरवठा जितका कमी तितका तो आकडा चढतो. साधारणपणे तो ०.४ ते ४ च्या आसपास असावा, असे मानतात. वहिनींचा अकराच्या पुढे गेला होता, तेव्हा गोळी थांबविण्याचा नव्हे, डॉक्टरांकडे जाऊन मात्रा वाढवावी काय हे विचारण्याचा तो प्रसंग होता.

पण मुळात पुरवठा आटला कशाने? येथे जपानातील एका डॉक्टरची आठवण काढावीच लागते. हाकारू हाशिमोतो या तरुण शल्यवैद्याने १९१२ साली एका जर्मन नियतकालिकात चार स्त्रियांच्या गळ्यातील गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या ग्रंथींत त्याला श्वेतपेशींची गर्दी दाटलेली दिसली. हा आजवर वर्णिलेल्या विकारांपेक्षा निराळा प्रकार आहे, असे त्याने नमूद केले; पुढे तो जर्मनीत अधिक शिकला, मायदेशी परतला आणि आपल्या मूळ गावाकडे वैद्यकी करीत राहिला. १९३४ साली विषमज्वराने त्याचे निधन झाले. ज्या विकाराला आज जगभर त्याचे नाव दिले जाते त्याचा उलगडा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९५६ साली झाला : लंडनमध्ये डेबोरा डोनिआक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच ग्रंथीविरुद्ध सिद्ध झालेली प्रतिपिंडे सापडली. शरीराचे रक्षण करण्यासाठी ठेवलेल्या पहाऱ्याने घरच्याच माणसाला चोर समजावे आणि वर्षानुवर्षे हळूहळू त्याला निकामी करावे, असा हा प्रकार. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा पुष्कळच अधिक आढळतो, आणि एकाच घरात आई, मावशी, मुलगी अशी त्याची परंपरा चालताना दिसते.

आपल्याकडे गळ्याच्या गाठीचा इतिहास निराळा. पूर्वी गलगंड म्हटले की आयोडीनचा अभाव, हे समीकरण बरोबर होते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी यांनी सुरू केलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने तो हटतो हे सिद्ध झाले आणि १९६२ पासून आधी गलगंड असलेल्या भागांत आणि पुढे देशभर त्याची तजवीज झाली. मात्र मुंबई आणि गोवा धरून आठ शहरांत झालेल्या एका पाहणीत, जी २०१३ साली प्रसिद्ध झाली, प्रौढांपैकी शेकडा सुमारे ११ जणांत अवटुग्रंथीचे कार्य मंद आढळले. मिठात आयोडीन असूनही हे घडते, यावरून कोणी मिठालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. रोजच्या स्वयंपाकातले आयोडीनयुक्त मीठ चालू ठेवावे; आयोडीनच्या जादा गोळ्या किंवा समुद्रशेवाळाची चूर्णे मनाने घेऊ नयेत, कारण अतिरेकाने हा विकार बळावू शकतो.

गेलेला पुरवठा बाहेरून भरून काढणे, हाच यावरचा उपाय. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे याने १८९१ साली मेंढीच्या अवटुग्रंथीचा अर्क एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली, आणि तेवढ्या अवधीत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. आपल्याकडच्या धनगराचे कैक कळप एका जिवासाठी! आज तेच काम मायक्रोग्रॅममध्ये मोजावयाची एक बारीकशी पांढरी गोळी करते. तिची अट एवढीच की तिला पोटात एकान्त हवा. चहा, दूध, न्याहारी यांच्या आधी किमान अर्धा तास, जमल्यास तासभर. आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात व हिच्यात चार तासांचे अंतर.

शहरातले लोक यासाठी मोबाइलवर गजर लावतात. वहिनींनी काढलेली तोड मला त्याहून पक्की वाटते. पहाटे धारा काढायला उठल्या की गोठ्याच्या दाराशी, फडताळातल्या बाटलीतली गोळी त्या पाण्याबरोबर घेतात; मग दोन म्हशींच्या धारा, वैरण, किटली घेऊन डेअरीपर्यंत जाणे-येणे, आणि परतल्यावर चुलीवर चहा. घड्याळाकडे न पाहता पाऊण तास झालेला असतो. बाटली मात्र पूर्वी चुलीच्या वरच्या कोनाड्यात असे. ती तेथून हलवायला लावली, कारण उष्णता आणि ओल यांनी गोळीचा गुण उतरतो.

मात्रा बदलली की आठवड्याभरात रक्त तपासून घेण्याची घाई पुष्कळांना होते. ती व्यर्थ. हे औषध शरीरात काळ्या जमिनीतल्या ओलीसारखे टिकते. त्याचा निम्मा अंश सरायलाच सुमारे सात दिवस लागतात, म्हणून नवा हिशेब जुळलेला पाहावयाचा तर सहा ते आठ आठवडे थांबावे लागते. याच कारणाने एखादे दिवशी गोळी चुकली तर प्रलय होत नाही. वारंवार चुकल्यास मात्र तगादा पुन्हा चढतो. वहिनींच्या बाबतीत तेच झाले होते, हे नंतर चौकशीअंती कळले. आषाढातली वारी, मग घरचे लग्न, आणि प्रत्येक एकादशीस ‘गोळीने उपास मोडतो’ म्हणून टाळलेली गोळी! उपासाला साबुदाणा चालतो आणि मायक्रोग्रॅमभर औषध चालत नाही, हे शास्त्र कोणत्या पोथीत आहे ते मला सापडलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी, निदान होण्याआधी, याच वहिनींना ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाइन आणि ताकदीची इंजेक्शने देण्यात आली होती. थंडी सोसेना, केस मूठभर गळत, आवाज घोगरा झालेला, शौचास खडा. हे सारे डोळ्यांपुढे असून टीएसएचची साधी तपासणी कोणी सुचविली नाही. उलट आता गोळी चालू असताना जरा थकवा आला की दोष थायरॉईडवरच. वास्तविक हाच विकार असलेल्यांत बी-१२ ची उणीव, रक्तक्षय, क्वचित कोड किंवा इतर स्वप्रतिरक्षाजन्य व्याधी सोबतीला असू शकतात. आकडा ठीक असूनही अंग मोडून येत असेल तर मात्रा मनाने वाढविण्यापेक्षा त्यांचा शोध घ्यावा. जास्त मात्रेने उत्साह वाढत नाही. छाती धडधडते, झोप उडते आणि पुढे हाडे झिजतात.

आता नेहमी विचारल्या जाणाऱ्या दोन शंका. कोबी शिजवून खाल्ला तर चालतो. प्रतिपिंडांची तपासणी एकदा निदानापुरती झाली की दर वेळी तिच्यावर पैसे घालविण्याचे प्रयोजन नाही.

वहिनींची धाकटी सून या महिन्यात गरोदर असल्याचे कळले आहे आणि तिलाही हीच गोळी चालू आहे. गर्भारपणात मात्रा बहुधा वाढवावी लागते, आणि तीही पहिल्या काही आठवड्यांतच. त्यामुळे पाचव्या महिन्याची वाट न पाहता तिला उद्याच बारामतीस घेऊन जा, एवढे मी फोन ठेवण्यापूर्वी बजावले. तो विषय पुढील आठवड्यासाठी राखून ठेवतो.