रोज सकाळी पोट का दुखतं?

हा भाग पेडगावातून, आमच्या घरच्या ओसरीवरून. मधेच रेल्वेचा आवाज आला तर सांभाळून घ्या, परभणी-मनमाड लाईन इथूनच जाते.

माझी पुतणी दुसरीला आहे. दिवाळीनंतर तिचे आई-बाप ऊसतोडीला गेले आणि ती आजीपाशी राहिली. तेव्हापासून रोज सकाळी दप्तर उचललं की तिचं पोट दुखायचं. रविवारी मात्र ठणठणीत! घरात सगळ्यांचा एकच निकाल, 'नाटकं करती.' खरं सांगतो, मीही तेच म्हणालो.

पण ते नाटक नसतं. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि पोट खरोखर दुखतं. पेपरच्या आधी आपल्याला संडासला पळावं लागतं ना, तसंच. (ताप, उलट्या, घटलेलं वजन किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल, तर आधी डॉक्टर गाठा.)

मग रविवारी का दुखत नाही? मला वाटायचं, तिला आईची आठवण येत असेल. एका रात्री लाईट गेली होती, तेव्हा सहज विचारलं. ती म्हणाली, "काका, मी शाळेतून आले अन् आजी पण नसली तर?"

म्हणजे भीती शाळेची नव्हतीच. आई गेली तशी आजीही जाईल, ही होती. आणि आम्ही तिला रोज काय सांगायचो? 'आई उद्या येणार हां.' रोज खोटं. अशानं लेकराचा बाकीच्यांच्या शब्दावरचाही भरवसा उडतो.

कारखान्याचा पट्टा कधी पडेल हे आधी कुणालाच नक्की माहीत नसतं, म्हणून आता आम्ही तारीख देत नाही. फोनची वेळ देतो. फडात पहाटेपासून काम, गाडी भरायला कधी रात्र होते, रेंजचाही भरवसा नाही. म्हणून वहिनी जमेल तेव्हा व्हॉइस मेसेज टाकते. पोरगी तोच मेसेज दहादा ऐकते. तुमच्या हातातला फोन इथं खरा कामाला येतो.

शाळेतल्या बाईंनाही सांगितलं. त्यांनी तिला रोज खडूचा डबा आणायचं काम दिलं. आल्याबरोबर काहीतरी करायचं असलं की पहिली दहा मिनिटं निभतात. जोडीला एक मैत्रीण दिली. जोडीत बोलणं, गटात बोलणं ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा 'मूल्यवर्धन' उपक्रम 2009 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्येच सुरू झाला. आणि वर्गात कुणी 'आईवेडी' म्हणून हिणवत असेल तर लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारण्यासोबत मानसिक छळालाही बंदी आहे.

हाताबाहेर चाललंय असं वाटलं तर टेली-मानसचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098, दोन्ही नंबर फुकट लागतात.

पोरीचं पोट अजून दुखतं, सोमवारी जरा जास्त. पण आता ती दप्तर उचलताना आजीला विचारते, "चारला घरीच राहशील ना?" आणि आजी चारला ओसरीवर येऊन बसते.